साडेपाच ते साडेसहा

"गप, गप, आता खरी मजा हाय!" असं म्हणून सिस्टर हात वर करायच्या. त्या हातात चहात बुडवलेली खारी असायची आणि ती हमखास मांडीवर पडायची. मग त्या ती उचलून खायच्या. नजर मात्र टीव्हीवरून हलायची नाही.

दौंडला आम्ही भाड्याने राहायचो, तिथे त्या आमच्या शेजारच्या खोलीत होत्या. दोन हजार सालानंतरची दोन-तीन वर्षं. एका खासगी दवाखान्यात नर्स होत्या, म्हणून सगळेच त्यांना सिस्टर म्हणत. मूळच्या केडगावच्या. चाळिशी उलटलेली, लग्न केलेलं नव्हतं. तुम्हीही अशी एखादी शेजारीण पाहिली असेल, जिच्याकडे फारसं काही नसतं आणि तरी जिचं कधी काही अडत नाही.

सकाळपाळी करून त्या चारला घरी येत, नखं रंगवत, टेपवर हिंदी पॉपची कॅसेट लावत. गाणाऱ्या पोरींच्या एका बँडचा फोटो त्यांनी पेपरच्या पुरवणीतून कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. "आतून का?" असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "रोज साडी काढताना भेटत्यात की!"

आणि साडेपाचला त्यांचं ते जपानी कार्टून. हिंदीत बोलणारी निळ्या केसांची एक मुलगी, तिचा उडणारा कोल्हा आणि ढगांवरचं एक हरवलेलं राज्य.

माझी मुलगी स्नेहल तेव्हा नऊ वर्षांची होती. मी जवळच्या गावात शाळेत शिकवायचे, घरी यायला साडेसहा वाजत. तिचे बाबा रेल्वेत, पाळ्यांवर. शाळा सुटली की सिस्टर तिला आपल्याकडे बसवून घेत. मला खरं तर उपकार वाटायला हवे होते. वाटायचा तो हेवा.

जेवताना स्नेहल त्या कोल्ह्याबद्दल बोलत सुटायची. मी काही विचारलं की म्हणायची, "आई, तुला न्हाई कळायचं." ते 'न्हाई' सिस्टरकडून आलेलं होतं.

एका सुट्टीच्या दिवशी मीही त्यांच्यात जाऊन बसले, तपासायच्या वह्यांचा गठ्ठा घेऊन. मध्येच विचारलं, "यातून शिकायला काय मिळतं हो?"

दोघींनी एकदमच माझ्याकडे पाहिलं.

"काय न्हाई मिळत," सिस्टर म्हणाल्या. "मजा येती."

सिस्टर वसतिगृहात वाढल्या होत्या. लहानपणी खेळायला काही नव्हतं, म्हणून आता हे वेड असणार, असं मी ठरवून टाकलं होतं. त्या दिवशी ते बोलूनही दाखवलं, जरा कीव केल्यासारखं.

त्या हसल्या. "तवा न्हाई मिळालं म्हणून न्हवं, बाई. आत्ता आवडतं म्हणून."

मला आत्ता काय आवडतं, असं कुणी विचारलं असतं तर मी नुसती वह्यांकडे बघत राहिले असते. हे मला कळलं आणि त्यांचा आणखीच राग आला.

त्या कार्टूनचा शेवटचा भाग एका शुक्रवारी होता. दोघींनी त्या दिवशी भेळ करायचं ठरवलं होतं. स्नेहल आठवडाभर दिवस मोजत होती. गुरुवारी मी तिला सांगितलं, "उद्या शिरूरला आत्याकडे जायचंय. काम आहे."

काम काही नव्हतं. माझ्या नणंदेकडे केबल नव्हती, एवढंच. त्यासाठी मी रजा टाकली.

न्हावऱ्यापर्यंत स्नेहल एसटीत रडली. पुढे खिडकीकडे तोंड करून बसली, ते मला जास्त लागलं.

रविवारी परत आलो तेव्हा हातातली पिशवी टाकून ती शेजारी धावली. "मावशी, काय झालं शेवटी? राज्य सापडलं?"

"मला काय ठाव? मी टीव्ही लावलाच न्हाई. तुझ्याबिगर कसा बघू?"

मी दारात उभी होते. सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आत्याबाई बऱ्या हायत न्हवं?" बाकी काही नाही.

मग दोघींनी शेवट स्वतःच रचायला घेतला, रोज नवा. एकदा कोल्हा राजा झाला. एकदा त्या राज्यात सगळी भेळेचीच दुकानं निघाली. भिंतीपलीकडून हसणं ऐकू यायचं. कार्टून होतं तेव्हा निदान तासाभरात संपायचं. आता त्याला वेळेचं बंधनच उरलं नव्हतं.

उन्हाळ्यात सिस्टरना मस्कतला नोकरी लागली. स्नेहल रुसून घरीच बसली, म्हणून स्टेशनवर पोचवायला मी एकटी गेले. मुंबईची गाडी यायला वेळ होता.

"सिस्टर," मी म्हटलं, "त्या शुक्रवारी शिरूरला माझं काही काम नव्हतं."

"ठाव हाय." त्यांनी बॅगेचा पट्टा नीट केला. "मलाबी तुमचा लई हेवा वाटायचा, बाई. तुमच्या चपलांचा आवाज आला की पोरगी हातातला घास टाकून पळायची. मी म्हणायची, थांब, एवढं संपू दे. एकदाबी थांबली न्हाई."

पोर रोज धावत माझ्याकडे येत होती, आणि मी बघत होते ती तिची मागे, सिस्टरच्या दाराकडे वळलेली मान.

गाडी आली. सिस्टर खिडकीशी बसल्या, कानाला वॉकमन लावला. गाडी हलायच्या आधीच त्यांची मान तालावर डोलायला लागली होती. मला त्यांनी हात केला तोही त्याच तालात.

शेजारच्या खोलीत पुढे बँकेतले एक गृहस्थ राहायला आले. स्नेहल स्वतः कुलूप उघडायला शिकली. मी साडेसहाला यायचे तेव्हा ती आतल्या खोलीत अभ्यासाला बसलेली असायची. मी चपला मुद्दाम आवाज करून काढायचे.

"आलीस?" ती आतूनच विचारायची.