जून महिन्यातला बर्फ

हेल्लेवी रांतला नावाची बाई बैठकीत गप्प बसली आणि तिचं गप्प बसणं होकार म्हणून लिहून घेतलं गेलं. चूक एवढीच झाली होती.

कुणी ती मुद्दाम केली नव्हती. ट्रामचा नवा मार्ग आखणारे, रूळ टाकणारे, जमिनीखालचे पाइप हलवणारे आणि शहराचे अधिकारी असे सगळे दोन वर्षं एकाच मोठ्या खोलीत बसून काम करत होते. खोलीचा नियम एकच होता. निर्णय एकमतानेच व्हायचा. मतदान नाही, बहुमत नाही. एकानेही नाही म्हटलं तर घोडं तिथेच अडायचं. खोलीचा प्रमुख ओस्मो ठराव वाचून दाखवी आणि "कुणाची हरकत?" असं विचारी. मग सगळे आपापल्या कॉफीच्या कपात बघत बसत. जरा वेळ कुणी काही बोललं नाही की ओस्मो मान हलवी आणि ठराव मंजूर होई. फिनलंडमध्ये गप्प बसलेल्या माणसाला कुणी डिवचत नाही. न बोलणारा माणूस राजी आहे, असंच धरून चालतात, आणि शंभरातल्या नव्याण्णव वेळा ते खरंही असतं.

हेल्लेवी त्या दिवशी राजी नव्हती. ती विचार करत होती.

एकतीस वर्षं ती शहराची बर्फ सारणारी गाडी चालवत होती. लहानपणी भावांनी ट्रॅक्टरला हात लावू दिला नाही, म्हणून बाराव्या वर्षी ती तो आपणहून शिकली, आणि शिकताना गोठ्याची भिंत पाडली. बाप रागावला नाही. "आता बांध," एवढंच म्हणाला. तिनं ती दोन दिवसांत बांधली, जराशी तिरकी. शहराच्या डेपोत ती पहिलीच बाई. पहिल्या दिवशी कुणीतरी तिच्या खुंटीला स्वयंपाकघरातला फुलाफुलांचा एप्रन अडकवून ठेवला होता. हेल्लेवीनं तो घातला आणि नाताळापर्यंत रोज घातला. गाडीच्या पात्याला वंगण लावून हात त्यालाच पुसायची. डिसेंबरात एप्रन इतका काळा झाला की ज्यानं तो लावला होता त्यानंच येऊन म्हटलं, "हेल्लेवी, आता पुरे कर गं." नवरा सोडून गेला तेव्हा मुलगी मिरका चार वर्षांची होती. तिला हिनं एकटीनं वाढवलं. मिरका आता दूरच्या शहरात नर्स होती आणि रविवारी फोन करायची.

मोठ्या खोलीत बर्फाच्या बाजूनंही कुणीतरी हवं, असं ठरलं तेव्हा डेपोचा मुकादम पेन्ट्टी यानं हेल्लेवीचं नाव दिलं. त्याला स्वतःला बैठकांचा कंटाळा होता. दर मंगळवारी ती दारात जड बूट काढून लोकरीच्या मोज्यांवर आत येई, दालचिनीचा एक पाव घेई आणि खिडकीजवळ बसे.

मेच्या अखेरीस कोइवुरिन्नेचा नकाशा आला. ही उतारावरची वस्ती. रस्त्याच्या एका बाजूला चाळीवजा जोडघरं, दुसऱ्या बाजूला प्राथमिक शाळा आणि मधून ट्रामचे रूळ. ट्राम वळणावरून उतरत येणार आणि वळणाच्या तोंडाशीच शाळेकडे जाण्यासाठी रस्ता ओलांडायची जागा. तिला लागून अडीच मीटर रुंदीची एक पट्टी हिवाळ्यात बर्फ साठवायला सोडलेली होती. ढिगाची उंची नकाशावर लिहिली होती ऐंशी सेंटिमीटर. तेवढ्या ढिगावरून ट्रामच्या चालकाला पलीकडचं मूल सहज दिसतं, हे वेन्लानं रेषा आखून दाखवलं. वेन्ला हा रस्ता आखणारी तरुण इंजिनिअर. ओस्मोनं हरकत विचारली. खोली गप्प राहिली. हेल्लेवी त्या ऐंशीच्या आकड्याकडे बघत राहिली, आणि तिचं बघणं संपायच्या आत ओस्मोनं मान हलवली होती.

घरी येऊन तिला अन्न गोड लागेना. पहिलीतली मुलं तिथे एकटीच शाळेत जातात. सातव्या वर्षी मुलानं एकट्यानं चालावं, यात कुणाला काही वावगं वाटत नाही. हेल्लेवीनंही मिरकाला तसंच पाठवलं होतं. पण ती पट्टी तिच्या गाडीच्या वाटेतली होती. फेब्रुवारीत तिथे काय होतं हे नकाशाला ठाऊक नव्हतं, तिला होतं.

पुढच्या बैठकीत ओस्मोनं नेहमीप्रमाणे विचारलं, "मागच्या वेळचं इतिवृत्त मंजूर ना?"

"नाही," हेल्लेवी म्हणाली.

इतिवृत्ताला नाही म्हणणारं त्या खोलीत आजवर कुणी निघालं नव्हतं. ओस्मोनं चष्मा काढला. "काही लिहायचं राहिलं का?"

"जास्त लिहिलंय. कोइवुरिन्नेला एकमत झालं म्हणून लिहिलंय. माझं झालेलं नाही."

"तू तर काही बोलली नाहीस."

"विचार करत होते."

"आपण चांगलं मिनिटभर थांबलो होतो, हेल्लेवी."

"मला सात दिवस लागले."

कुणीतरी हसलं. रूळ टाकणाऱ्यांच्या बाजूनं एक जण म्हणाला, "ऑगस्टात खोदायला सुरुवात करायची आहे. जमीन गोठल्यावर तुझ्या पात्यानं खणून देशील का?"

"देईन. पण आधी तो ढीग ऐंशीचा नाही हे लिहून घ्या. माझ्या हातचा ढीग दीड मीटरच्या खाली नसतो."

वेन्ला गोंधळली. "पण हा आकडा तुमच्याच डेपोनं दिलाय. पेन्ट्टीची सही आहे."

ते खरं होतं. डेपोला पाठवलेल्या कागदावर प्रश्न होता, 'बर्फाच्या ढिगाची उंची किती?' आणि पेन्ट्टीनं नियमाचं पुस्तक काढून त्यात जेवढी परवानगी होती तेवढी लिहून टाकली होती. खोटं बोलावं असं त्याच्या मनातही नव्हतं. नियमात ऐंशी आहे म्हटल्यावर ढीगही ऐंशीचाच असणार, अशी त्याची सरळ समजूत. बर्फ दोन दिवसांत उचलून नेतात, हेही त्याच पुस्तकात होतं. गेल्या मोठ्या हिवाळ्यात तो उचलायला तीन आठवडे लागले होते.

डेपोत पेन्ट्टी तिच्यावर घसरला. "मला तोंडघशी पाडायला पाठवलं होतं का तुला तिथं?"

"तू कागद भरलास, मी ढीग भरते. कुणाचं खरं?"

"एवढ्या शिकलेल्या माणसांनी दोन वर्षं घालवलीत. तू एकटी शहाणी का?"

"एकटी नाही. तुलाही माहितेय, पेन्ट्टी. तू फक्त लिहिलं नाहीस."

पेन्ट्टी तरातरा निघून गेला. दुसऱ्या दिवशी मात्र तिनं दोन ट्रक आणि पुढे पातं लावलेला एक लोडर मागितला, तेव्हा त्यानं कशाला असं न विचारता किल्ल्या दिल्या.

शहराबाहेर बर्फ टाकायचं मैदान आहे. हिवाळाभर रस्त्यांवरून उचललेला बर्फ तिथे डोंगरासारखा रचला जातो, आणि वाळू, काजळी नि धूळ यांचा थर चढून तो असा काळा पडतो की उन्हाळा अर्धा सरला तरी पोटात गोठलेलाच राहतो. हेल्लेवीनं मोठ्या खोलीत चिठ्ठी लावली: 'बुधवार, सकाळी नऊ. कोइवुरिन्ने शाळा. बूट घालून या.'

शाळेला सुट्टी लागली होती. बर्च झाडं पानांनी भरली होती, जोडघरांतली माणसं अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात बाहेर येऊन उभी राहिली होती, आणि हेल्लेवी काळपट बर्फाचे दोन ट्रक रस्त्याकडेला रिकामे करत होती. पट्टी तिनं खडूनं आखून घेतली होती, नकाशाबरहुकूम. मग फेब्रुवारीत करते तसंच पात्यानं तिनं बर्फ सारला, दाबला, त्यावर पुन्हा सारला. वीस मिनिटांत ढीग तयार झाला. वेन्लानं टेप लावली. एक मीटर अठ्ठावन्न.

"मुद्दाम उंच केलास," रूळवाला म्हणाला.

"मग तू ये आणि ठेंगणा करून दाखव. पट्टीच्या बाहेर सांडायचा नाही."

तो आला नाही.

हेल्लेवीनं ओस्मोला लोडरच्या उंच आसनावर बसवलं. ट्रामचा चालक साधारण तेवढ्याच उंचीवर बसतो. शाळेच्या नर्सकडून तिनं पहिलीतल्या मुलांची सरासरी उंची आणली होती. त्या मापाची काठी कापून वर तिनं लोकरीची टोपी चढवली होती. काठी हातात सरळ धरून ती ढिगामागे गेली आणि स्वतः वाकून चालू लागली.

"मूल निघालं की मला सांग," ओस्मो वरून ओरडला. "घड्याळ लावतो."

उत्तर आलं नाही. त्यानं मान लांब केली.

"निघतेस ना?"

"मी रुळाच्या जागी उभी आहे, ओस्मो," हेल्लेवी खालून म्हणाली. ती टोपीसकट त्याच्या समोर, पात्यापासून दोन हातांवर होती.

ओस्मोनं घड्याळ बंद केलं. जोडघरांपुढची माणसं पुढे सरकली होती. वितळलेलं काळं पाणी त्यांच्या चपलांखालून वाहत होतं.

वेन्ला हेल्लेवीजवळ आली. "तुला आधीपासून माहीत होतं. नुसतं मोजून नाही."

हेल्लेवीनं टोपी काढून खिशात कोंबली. "अकरा वर्षांपूर्वी. इथं नाही, खालच्या चौकात. ढीग मीच केला होता. परतीच्या फेरीत त्याच्याच मागून एक पोर निघाली. गाडी थांबली तेव्हा ती आणि पातं यांच्यात एवढं अंतर होतं." तिनं कोपरापासून बोटांपर्यंत हात दाखवला. "तिचा हातमोजा पडला होता. तिनं तो उचलला, झटकला आणि शाळेत गेली. तिला काही कळलंसुद्धा नाही. मी कुणाला सांगितलं नाही."

"का?"

"काय सांगणार? काही झालंच नव्हतं. म्हणूनच आत्ता बोलतेय, होण्याआधी."

पुढच्या मंगळवारी खोलीनं तिच्यापुढे तोडगा ठेवला. इशाऱ्याचा दिवा बसवू, पाटी लावू, वळणावर ट्राम हळू करू. सगळं नेमकं मांडलेलं, चित्रासकट. ओस्मोचा सूरही मऊ होता. "यावर आम्ही सगळे तयार आहोत. तुझ्यासाठीच केलंय."

"दिवा कुणासाठी? मुलासाठी की चालकासाठी?"

"दोघांसाठी."

"सात वर्षांचं पोर बर्फाच्या ढिगावर चढून घसरत येतं. ते दिवा बघत येत नाही. ओलांडायची जागा वर हलवा, थांब्यापाशी. तिथं ट्राम थांबलेलीच असते."

"त्यात नऊ गाड्या उभ्या करायच्या जागा जातात. शिवाय पाण्याचा पाइप पुन्हा आखावा लागेल. तीन आठवडे."

"मग आखा."

"आणि आम्ही नाही म्हटलं तर?"

"तर मी पण नाहीच म्हणेन. पुढच्या मंगळवारी म्हणेन, त्याच्या पुढच्याही. सप्टेंबरात म्हणेन. निवृत्तीला चार वर्षं आहेत माझ्या, मला वेळ आहे. आणि दुसऱ्या कुणाला पाठवलंत तर इथून जाण्याआधी मी त्यालाही त्या ढिगावर नेईन." आवाज तिनं चढवला नव्हता.

वेन्लानं चित्र स्वतःकडे ओढलं. "पाइप मी पंधरा दिवसांत आखून देते," ती म्हणाली. "आकडा मी तपासायला हवा होता."

"तुला काय माहीत," हेल्लेवी म्हणाली. "तुझ्याकडे कागद आला."

ओलांडायची जागा बेचाळीस मीटर वर सरकली. खोदकाम उशिरा सुरू झालं, शेवटचे रूळ पहिल्या थंडीत, गोठत्या हातांनी बसले, आणि रूळवाल्यांनी हेल्लेवीच्या नावानं बोटं मोडली. पेन्ट्टीनं नवा कागद मात्र स्वतः भरला. उंचीच्या रकान्यात 'दीड मीटर, कधी जास्त' असं लिहून खाली सही केली.

ट्राम सुरू झाली त्याच्या दुसऱ्या हिवाळ्यात सलग पाच दिवस बर्फ पडला. हेल्लेवी सकाळी कोइवुरिन्नेला पट्टी भरत होती. जोडघरातला एक माणूस फावडं घेऊन तिच्या गाडीच्या खिडकीशी आला. त्याची गाडी आता दोन गल्ल्या पलीकडे लागे.

"नऊ जागा तुझ्यामुळे गेल्या," तो म्हणाला. "रोज चालत जातो, एवढ्या थंडीत."

"हो. माझ्यामुळेच."

"निदान वाईट तरी वाटू दे."

"नाही वाटत."

तो काहीतरी पुटपुटत फावडं मारायला गेला. वर थांब्यापाशी ट्राम उभी राहिली, दारं उघडली, आणि तिच्या समोरून दप्तरं रस्ता ओलांडू लागली. ढिगामागे कुणी नव्हतं. हेल्लेवीनं तरीही आरशात दोनदा बघितलं, मग पातं खाली टेकवलं आणि गाडी पुढे घेतली.