टेकडीवरचं लाकूड

आमच्या गावामागच्या टेकडीवर तीन मोठ्या लढाया झाल्या. खाली नदी ओलांडायला सोयीची जागा एकच, त्यामुळे ज्याला पुढे जायचं त्याने आधी टेकडी घ्यायची, हे ठरलेलंच. आता लांबून माणसं येतात, स्मारकापुढे फोटो काढतात आणि "किती शांत आहे हो इथे!" म्हणतात. ऐकून माझं डोकं फिरतं. शेवटच्या लढाईतलं लोखंड अजून तिथल्या झाडांच्या पोटात आहे. झाडं वाढली, जखमेवर साल चढली, आणि वरून बघणाऱ्याला काही पत्ता लागत नाही.

पत्ता लागायचा तो माझ्या आत्याला. नदीकाठची लाकडाची वखार तिच्या नवऱ्याची. टेकडीवरचा एक ओंडका कापताना आऱ्याचं पातं आतल्या लोखंडावर आदळलं, तुटलं आणि उसळून आतोबांच्या मानेत घुसलं. ते जागच्या जागी गेले. आत्याला रडायलाही कुणी सवड दिली नाही. पोरगा लहान, वखार उघडी. ती कंबर कसून फाटकाशी स्टूल टाकून बसली ती कायमची.

ओंडका आला की ओल्या फडक्याने त्याची दोन्ही टोकं पुसायची आणि नाक टेकेल इतक्या जवळून बघायची. लोखंडाभोवती लाकडात शाई सांडल्यासारखा डाग पसरतो. तो दिसला की खडूने फुली मारून ओरडायची, "हा पोटुशी आहे रे, बाजूला घ्या!" माणसं हसायची, पण फुलीच्या ओंडक्याला आऱ्याकडे न्यायची कुणाची छाती नव्हती.

पोरगा मोठा झाला आणि बापाच्याच जागी आऱ्यापुढे उभा राहिला. शहाणा आहे तसा माझा आतेभाऊ. लोखंड शोधणारं यंत्र त्यानेच आणलं. ते टेकडीवरच्या प्रत्येक ओंडक्याला बोंबलायला लागलं, खोल काय नि वरवरचं काय, त्याला सगळं सारखंच. शेवटी ते माळ्यावर गेलं. दुसरीकडचं लाकूड परवडेनासं झालं होतं. राहिले आत्याचे डोळे.

ते यंदा गेले. तिने पास केलेल्या ओंडक्यावर पातं तुटलं आणि पत्र्याच्या भिंतीत जाऊन रुतलं. आतेभाऊ वीतभर अंतराने वाचला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, आतला पडदाच झिजलाय, ऑपरेशनचा उपयोग नाही.

"टेकडीचं लाकूड घेऊ नकोस आता," आत्या लेकाला म्हणाली.

"मग काय कापू आई, हवा?"

"तुझे बाबा..."

"बाबांचं मला सांगू नकोस! एवढी माणसं आहेत इथे कामाला. त्यांच्या घरी काय सांगू, आईला भीती वाटते म्हणून काम बंद?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या आऱ्याला लागून उभी राहिली, पातं आणि लेक यांच्या बरोबर मध्ये. "चालव," म्हणाली. त्याने हातमोजे फेकले आणि तणतणत निघून गेला. त्या दिवशी आरा बंद. दुसऱ्या दिवशीही बंद. मी तिथेच ऑफिसात कामाला असते, काचेतून सगळं दिसतं. आत्या माझ्याकडे चहा प्यायला आली तेव्हा तिचा चेहरा खुलला होता.

"पोटचा गोळा आहे तो," म्हणाली. "माझ्यावर थोडंच पातं सोडेल?"

परवा ट्रक आला, टेकडीवरच्या ओंडक्यांनी भरलेला. आतेभाऊ आला, आऱ्याशी उभ्या आईकडे न बघता त्याने ओंडका लावून घेतला आणि बटण दाबलं. आत्या हलली नाही. ओंडका या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ कापला गेला. आत काही नव्हतं. त्याने दुसरा लावला.

मी धावत जाऊन तिला ऑफिसात आणलं. केसांत भुसा, हात गार. तोंडाला येईल ते मी आतेभावाला बोलले. नालायक म्हटलं, राक्षस म्हटलं. तिने मला पुरतं बोलू दिलं.

"तो थांबणार नाही. कळलं मला," ती म्हणाली. "उद्या मला लवकर हाक मार."

"कशाला? परत तिथे उभी राहायला? आता काय उपयोग आत्या?"

तिने आवाजाच्या अंदाजाने माझ्याकडे तोंड वळवलं.

"पातं तुटलं तर आधी मला लागेल ना गं?"