रुक्मिणकाकूंचा फ्लेक्स आणि माझा लॅपटॉप

हा किस्सा मी आजवर फक्त बायकोसमोर कबूल केलाय, आणि तोही तिला बाहेरून कळल्यावर! तेव्हा चहा घ्या, नीट बसा, आणि हसायचंच असलं तर घोट गिळून हसा. मागच्या किश्श्याला एकाला ठसका लागला होता.

वसमतला माझं डिझाइनचं छोटंसं दुकान आहे. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, दुकानांच्या पाट्या, असलं सगळं. तर माझा जुना कॉम्प्युटर एक दिवस जो बंद पडला, तो काही केल्या चालू होईना. नवीन घेणं आलं. पण काय घ्यावं? लॅपटॉप की डेस्कटॉप?

शेजारच्या गाळ्यात कॉम्प्युटर दुरुस्त करणारे बशीरभाई बसतात. ते म्हणाले, "दत्ताभाई, डिझाइन का काम है ना? डेस्कटॉप लेव. बडा स्क्रीन, कलर बराबर. कल को कुछ बिगडा तो मैं हूँच."

घरी आलो तर बायकोचंही तेच. "डेस्कटॉप घ्या. दुकानात बसून तरी राहताल. लॅपटॉप आणला की गावभर हिंडताल."

आता दोन शहाणी माणसं एकच गोष्ट सांगत असताना माझ्यासारख्यानं काय करावं? मी लॅपटॉप घेतला!

खरं कारण सांगू? काळी बॅग! ती खांद्याला लावून गिऱ्हाइकाच्या दारात उभं राहायचं, ओट्यावर बसून ऐटीत झाकण उघडायचं आणि म्हणायचं, "बोला, काय बनवायचं?" डेस्कटॉप खांद्याला लावून ही ऐट कशी मारणार, तुम्हीच सांगा.

पहिलं काम आलं ते माझ्याच गावाचं, कुरुंद्याचं. रुक्मिणकाकू आमच्या भावकीतल्या, आणि बचत गटाच्या अध्यक्ष. त्यांच्या गटातल्या बारा जणी घरच्या हळदीची पावडर करतात. वसमतच्या प्रदर्शनात त्यांना पहिल्यांदाच स्टॉल मिळाला होता. काकूंनी फोनवर बजावलं, "दत्ता, आमी कधी गावाच्या भायेर काही इकलं न्हाई. आमची इज्जत तुझ्या हातात हाय बग."

गेलो बॅग घेऊन. अंगणात हळद वाळत घातलेली. ओट्यावर मी, समोर काकू, आणि माझ्यामागे अकरा जणी स्क्रीनकडे डोळे लावून. थाट काय विचारता!

"काकू, हात जोडा अन् हसा."

काकूंनी हात जोडले, पण हसल्या नाहीत. "फोटूत हसू न्हाई येत मला," म्हणाल्या. मोबाइलवर फोटो काढला, लॅपटॉपवर घेतला, आणि बघतो तर काय! काकूंचा चेहरा पिवळाधमक. नवरीला हळद लावावी तसा.

"अगं बाई, मी एवढी पिवळी हाय का?"

"थांबा काकू. कलर करेक्शन म्हणतात याला." असा शब्द टाकला की अंगणात शांतता पसरते. मी पिवळा कमी केला, निळा वाढवला. पुन्हा पिवळा कमी, पुन्हा निळा जास्त. खाली हळदीच्या ढिगाचा फोटो टाकला होता, त्यालाही तोच उपचार. दोन तासांनी मागून आवाज आला, "आता कशी बराबर दिसून राहिली!"

मग शोभेला कडेनं झेंडूच्या माळा सोडल्या. खाली माझ्याच डोक्यातून निघालेली ओळ टाकली, "कायम आठवणीत राहील!" हळदीची चव हो. पण चव हा शब्द जागेअभावी काढून टाकला होता.

फाइल तिथूनच प्रेसवाल्याला पाठवली, फ्लेक्स वसमतच्या बसस्टँडसमोर लावायला सांगितला, आणि मी हिंगोलीला एका लग्नाला निघून गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंचे भाऊ नामदेवमामा शिरड शहापूरहून वसमतला आले. बसमधून उतरले, समोर पाहिलं आणि पिशवी हातातून गळाली.

समोर दहा फुटी बहीण! चेहरा निळसर, हात जोडलेले, ओठ मिटलेले, गळ्याशी झेंडूच्या माळा. पुढ्यात राखेचा ढीग. आणि खाली ओळ, "कायम आठवणीत राहील!"

मामांनी बहिणीला फोन लावला, तर सारखा बिझी. काकू गटातल्या बायकांशी बोलत होत्या ना! मामांनी घरी कळवलं. तासाभरात मामी आणि चार नातेवाईक जीप करून आले, मामांना घेतलं आणि तडक कुरुंद्याला.

दारातच मामींनी हंबरडा फोडला. "अवो वन्सं, कशा वो आमाला सोडून गेलात!"

आत काकू भाकरी थापत होत्या. बाहेर माहेरची माणसं रडतायत म्हटल्यावर त्या तशाच पिठाच्या हातानं धावत आल्या, आणि आधी मामींच्या गळ्यात पडून स्वतःही रडल्या. चांगली पाच मिनिटं रडल्या! मग विचारलं, "वैनी, गेलं कोण पण?"

मामींनी मान वर केली. "कोण म्हून काय इचारता, तुमीच गेलात न..." आणि पुढचा शब्द किंकाळीतच गेला.

मला फोन आला तेव्हा मी पंगतीत होतो.

"दत्त्या! जित्तेपणी मारलं की रे मला!"

ताट तसंच सोडून वसमत गाठलं. फ्लेक्ससमोर जाऊन उभा राहिलो. शेजारच्या रसवंतीवाल्यानं बिचाऱ्यानं खाली अगरबत्ती लावली होती!

फ्लेक्स उतरवला आणि थेट बशीरभाईंकडे. तिथे एक शाळेतले सर लॅपटॉपचीच चौकशी करत होते. मला काय, आयताच श्रोता मिळाला!

"सर, लॅपटॉप घेऊ नका. डिझाइनला तर नकोच नको. माझ्या एक काकू गेल्या त्याच्यापायी."

सर दचकले. "गेल्या?"

"म्हणजे आहेत तशा. पण आज सकाळी गेल्या होत्या. बशीरभाई, मला डेस्कटॉप द्या. स्क्रीनच खराब हाय ह्याचा."

बशीरभाईंनी लॅपटॉप उघडला. थोडा वेळ पाहिला. कोपऱ्यात एकदा टिचकी मारली, आणि सगळा स्क्रीन दुधासारखा पांढरा झाला. मधोमध निळ्या रुक्मिणकाकू!

"दत्ताभाई, ये नाईट लाईट पूरा फुल करके किसने रखा? इसमें सब पिवळाच दिखता."

कोणी म्हणजे? मीच! पहिल्याच दिवशी डोळ्यांना आराम मिळतो असं वाचलं होतं. म्हटलं, आरामच करायचा तर पुरता करू.

सरांनी हळूच विचारलं, "म्हणजे लॅपटॉप चांगला आहे?"

"एकदम बढिया है सर," बशीरभाई म्हणाले. माझ्याबद्दल काही बोलले नाहीत. त्यांचा तो मोठेपणा.

नवीन फ्लेक्स छापून मी दुसऱ्या दिवशी स्टॉलवर हजर. गटातल्या सगळ्या जणी होत्या. आधी माफी मागितली, मग जरा अब्रू वाचवावी म्हणून समजावून सांगितलं. "काकू, तसं पाहिलं तर चूक माझी न्हाई. स्क्रीनमध्ये एक सेटिंग असतं, त्याच्यानं खरा रंग कळत न्हाई."

काकूंनी विचारलं,

"म्हंजे त्या यंत्रात माझा रंग बराबर दिसला न्हाई."

"व्हय काकू."

"हळदीचाबी न्हाई."

"न्हाई ना!"

"अरे पण दत्ता, मी दोन तास तुझ्या म्होरंच बसले व्हते. हळदबी तितंच वाळत व्हती. काहून एकदा मान वर करून न्हाई पाह्यलंस?"