दोन चाकांवरची मोटर

चेरीतालचे आमचे शेजारी भय्यासाहेब यांची कॅराव्हॅन, म्हणजे मोटारीमागे ओढायचं बिनइंजिनाचं चाकांवरचं घर, दोन आसांची, चार चाकांची, महाअवजड. दसऱ्याच्या पूजेसाठी ती अंगणातून फाटकाकडे वळवायला चार माणसं लागत, म्हणून तरी तिन्ही पोरं पुण्याहून येत.

यंदा थोरल्या शैलेंद्रनं चाकांना जोडून रिमोटनं ती हलवणारी मोटर पाठवायचं काढलं. इथला दुकानदार म्हणाला, "दो पहियोंवाली सीधी ले जाएगी, मोड़ेगी नहीं." गाडी अडेल, पोरं येतील, म्हणून म्हातारा खुलला. फोनवर म्हणाला, "दोनवालीच पाठव. चारवाली काहून?"

पोरं मेली हुशार. चारवालीच आली.

दसऱ्याला भय्यासाहेबांनी रिमोट दाबला. गाडी मुकाट वळून फाटकाशी उभी राहिली. झेंडूचा हार मी घातला. फोनवर शैलेंद्र हसत म्हणाला, "बघा बाबा, काही अडलं आमच्यावाचून?"