गाडीतला आंबट वास

संशय घ्यायला मी कुणाकडून शिकले, ते आमच्या ओळखीच्यांना सांगावं लागत नाही. आबा, म्हणजे माझे वडील, बाजारातून आणलेली वांगी घरच्या काट्यावर पुन्हा तोलतात. दूधवाला दारात उभा असताना त्याच्यासमोर दुधाचा थेंब नखावर धरून बघतात. हवामानखात्यावर तर त्यांचा काडीचा विश्वास नाही. मी त्यांची एकुलती लेक. रिक्षावाला चौकात डावीकडे वळला तर उजवीकडून रस्ता जवळ होता की काय, हा विचार घरी पोचेपर्यंत मला सोडत नाही.

आबा मिलमध्ये फिटर होते. मिल बंद पडली तेव्हा ते रडले नाहीत, भांडलेही नाहीत. नुसते भिंतीकडे तोंड करून बसायला लागले. जेवायला हाक मारली की उठायचे, जेवण झालं की पुन्हा त्याच जागी. पुढे मला अक्कलकोटला नोकरी लागली आणि रोजच्या जाण्यायेण्यासाठी मी एक जुनी पेट्रोल गाडी घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी आबा अंगणात बॉनेट उघडून उभे होते. ते भिंतीपासून कधी उठले, मला कळलंही नाही.

तेव्हापासून गाडी माझी, पण कारभार त्यांचा. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही त्यांना धड दिसेना आणि एकदा पाना निसटून त्यांच्या कपाळावर बसला. मी पान्यांचा डबा उचलून माळ्यावर टाकला. "आबा, तेल-पाणी बघा, पण इंजिनात काही उघडायचं नाही," असं बजावलं. ते लगेच "बरं" म्हणाले. आबा कशालाही लगेच बरं म्हणत नाहीत. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती.

या उन्हाळ्याच्या तोंडावर अक्कलकोटच्या रस्त्यावर स्टेअरिंगमागच्या स्पीडच्या काट्याशेजारी इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला. गाडी पळत होती, पण सिग्नलला उभी राहिली की थरथरायची. पेट्रोलही जास्त पीत होती आणि धुराला कच्च्या पेट्रोलचा वास येत होता. घरी सांगितलं, तर आबांचा निकाल तयारच होता.

"मागच्या सर्व्हिसिंगला त्या गॅरेजवाल्यानं नीट बघितलंच न्हाय. वरवर पुसून दिलं असणार."

मलाही तसंच वाटलं. म्हणून मी गॅरेजच्या ऑफिसात बसले नाही. स्टूल ओढून गाडीपाशीच बसले आणि नजर हलवली नाही.

गॅरेजवाला तेलुगू घरातला, बोलका माणूस. त्यानं स्टेअरिंगखाली एक छोटं यंत्र खोचलं आणि मोबाईल माझ्यासमोर धरला. पडद्यावर एक रेघ मुंगीच्या चालीनं सरकत होती.

"ऑक्सिजन सेन्सर हाय ताई. धुराच्या नळीत बसवलेला असतो. धुरात ऑक्सिजन किती शिल्लक हाय ते बघतो. जास्त असला तर पेट्रोल कमी पडतंय, कमी असला तर पेट्रोल जास्त झालंय. तो सांगतो तसं कॉम्प्युटर पेट्रोल सोडतो."

"आणि ही रेघ?"

"ही सारखी वरखाली नाचाय पायजे. जास्त, कमी, जास्त, कमी. तुमची आडवी पडलीय. सेन्सर गेला. आता कॉम्प्युटर आपल्या अंदाजानं पेट्रोल ओततोय."

खरं सांगते, गाडीतला हा एकच भाग मला मनापासून आवडला. धगधगत्या नळीत बसून क्षणाक्षणाला शंका घ्यायची, पुन्हा वास घ्यायचा, पुन्हा शंका. त्यानं शंका घेणं सोडलं की समजायचं, तो संपला. आमच्याच घराण्यातला म्हणायचा.

सेन्सर सांभाळायचा कसा, तेही मी विचारून घेतलं. तेल जळू द्यायचं नाही, कारण ती काजळी त्याच्या टोकावर बसते. त्याच्या अलीकडे, इंजिनाच्या बाजूला, नळीला भोक पडलं तर बाहेरची हवा आत शिरून तो फसतो, म्हणून फटफट आवाज आला की दाखवायचं. वायर गरम नळीला टेकू द्यायची नाही. आणि घाण झाला म्हणून पेट्रोलनं घासत बसायचं नाही. नवा सेन्सर बसला तेव्हा गॅरेजवाला हात धुवायला गेला. तेवढ्यात मी पर्समधलं नेलपेंट काढून वायरच्या प्लास्टिकच्या टोकावर एक लाल ठिपका दिला. उद्या कुणी माझा नवा सेन्सर काढून जुना बसवला, तर मला कळायला नको?

आबांना ठिपक्याचं सांगितलं. त्या रात्री जेवताना स्वतःच्या ताटातली शेंगाचटणी त्यांनी माझ्या ताटात वाढली.

पुढे ऊन तापलं. आमचा कुलर माळ्यावरून खाली आला आणि नेहमीप्रमाणे टाकी गळायला लागली. आबांनी सिलिकॉनची ट्यूब आणली, फटीवर पिळली आणि वरून अंगठा फिरवला. त्यांच्या उजव्या अंगठ्याला मिलमधल्या जुन्या जखमेची खाच आहे. त्यामुळे त्यांनी फिरवलेल्या कुठल्याही लुकणाच्या मधोमध एक बारीक उंचवटा राहतो. घरभर दोन दिवस आंबट वास होता.

त्याच आठवड्यात गाडीतही आंबट वास यायला लागला. मला वाटलं डब्यातलं ताक सांडलं असेल. मी पायपोस धुतले, सीटखाली शोधलं, शेजारणीच्या मांजरावरही आळ घेतला. वास आपोआप गेला. आणि मग थोड्याच दिवसांत तोच पिवळा दिवा पुन्हा लागला.

"म्या म्हनलं न्हवतं? जुनाच माल घातला त्यानं," आबा म्हणाले.

मी तणतणत गॅरेजात गेले. आधी वाकून ठिपका बघितला. तो जिथल्या तिथं होता. म्हणजे बदली झाली नव्हती, हा पहिला धक्का. गॅरेजवाल्यानं सेन्सर काढला आणि टोक उन्हात धरलं. त्यावर रांगोळीसारखी पांढरी भुकटी बसली होती.

"काळं असतं तर जादा पेट्रोल म्हनलो असतो. हे पांढरं सिलिकॉनचं हाय. इंजिनाला कुनी साधं सिलिकॉन मारलं की त्याची वाफ आत ओढली जाती, जळती, आन् हितं येऊन बसती. सेन्सर आंधळाच हुतो."

"तुम्हीच मारलं असेल," मी म्हणाले.

त्याचा चेहरा पडला. त्यानं फळीवरची आपली ट्यूब आणून माझ्या हातात दिली. सेन्सरला चालणारी, तसं तिच्यावर लिहिलेलंच होतं. मग तो बॉनेटमध्ये शिरला आणि बराच वेळ चाचपडत राहिला. हवेच्या गाळणीपासून इंजिनाकडे जाणारी एक जाड रबरी नळी असते. तिच्या खालच्या अंगाला, बाहेरून दिसणार नाही अशा जागी, त्याची बोटं थांबली.

"हितं चीर हाय. माझ्याकडनं बघायची राहिली की ही. आन् कुनीतरी तिच्यावर कुलरचं सिलिकॉन भरलंय."

मी मोबाईलचा उजेड पाडून खाली वाकले. चीर अगदी सफाईनं बुजवली होती. लुकणाच्या मधोमध एक बारीक उंचवटा होता.

"घरात कुनी हात लावतंय का गाडीला?" त्यानं विचारलं.

"नाही. आधीच्या मालकानं केलं असेल."

"ताजं हाय, ताई."

"मग मला माहीत नाही," मी म्हणाले. मी दुकानदारांकडे बघते, तसाच तो माझ्याकडे बघत होता.

त्यानं नळी बदलली, नवा सेन्सर घातला आणि चीर आपल्याला दिसली नाही म्हणून बसवायची मजुरी लावली नाही. ती चालणारी ट्यूब मी त्याच्याकडून मागून घेतली. घरी येताना मला आबांचा राग येत होता आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. डोळ्यांना धड दिसत नसताना, पाना न लावता, नुसत्या बोटांनी त्यांनी ती चीर शोधली होती. आणि तेवढं करून सेन्सर मारला होता. हे तोंडावर सांगितलं तर ते "बरं" म्हणतील, बॉनेट मिटतील आणि पुन्हा त्या भिंतीपाशी जाऊन बसतील. मला ते बघवलं नसतं.

म्हणून मी काहीच बोलले नाही. पण सकाळी आबांनी नेहमीसारखं बॉनेट उघडलं. त्यांचा हात सवयीनं नळीच्या खाली गेला आणि तिथंच राहिला. नवं, गुळगुळीत रबर.

"चीर हुती न्हवं?" त्यांनी पाठमोरंच विचारलं.

"होती. त्याला दिसली नव्हती. तसं कबूल केलं त्यानं."

"मग दिवा कशानं लागला?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "कुलरच्या सिलिकॉननं, आबा. त्याची वाफ सेन्सरला चालत नाही. गाडीला हे लागतं." मी नवी ट्यूब त्यांच्या हातात दिली.

त्यांचे खांदे खाली आले. बॉनेट मिटण्यासाठी त्यांनी टेकूची दांडी काढायला हात घातला. मी धावत आत गेले, माळ्यावरून पान्यांचा डबा ओढून काढला आणि अंगणात त्यांच्यासमोर ठेवला.

"नव्या नळीचं क्लिप नीट आवळलंय का, जरा बघता? माझा काही त्या माणसावर विश्वास नाही."

आबांनी दांडी तशीच राहू दिली. ट्यूबचं टोपण काढून नाकाशी धरलं. "हिला वास न्हाय. डुप्लिकेट दिसतीय," म्हणाले. मग खाली बसून डबा उघडला, एकेक पाना काढून फरशीवर ओळीनं मांडला आणि मोजून झाल्यावर मान वर केली.

"तेराचा पाना कुटं हाय?" त्यांनी माझ्याकडे रोखून बघत विचारलं.

ती नजर पाहिली आणि माझा जीव भांड्यात पडला.