भावाच्या तोंडावरचे डाग

दारव्ह्याला मास्तरकी करत होतो तेव्हा मला घरीच फोटो धुण्याचं खूळ लागलं. दोन खोल्यांचं घर, मागं न्हाणी. तिच्या दाराला घोंगडं लावलं की अंधार. मोठा भाऊ आणि वहिनी माझ्याजवळच राहायचे. या घरात एक तर आंघोळ होईल नाही तर फोटो, असं भाऊ येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा.

त्याचा स्वतःचा फोटो एकच. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच त्याला तो हवा होता, पण कॅमेरा माझ्या हाती आला तीन-चार वर्षांनी. मग पांढरा सदरा घालून कडुलिंबाखाली ताठ उभा राहिला. लहानपणी त्याला देवी आल्या होत्या, तोंडभर वण. घरातल्या देवी नेऊन टाकल्या, पण ह्या तोंडावरच्या काही जात नाहीत, असं म्हणून तोच आधी हसायचा.

रोल संपल्याशिवाय धुवायचा नाही, ही तेव्हाची रीत. कॅमेरा खुंटीला लटकून राहिला. उन्हाळ्यात भावाला कावीळ झाली आणि बघता बघता माणूस गेला.

महिनाभरानं वहिनीनं त्याचा फोटो मागितला. त्याच दिवशी अर्धा रोल तसाच धुतला. फिल्म उजेडात धरून पाहिली. सगळीकडे बारीक ठिपके. कागदावर छापलं तर तेच काळे डाग झाले. सदऱ्यावर, झाडावर, भावाच्या तोंडावर.

मग लागलो कारण शोधायला. धूळ म्हणून फिल्म नुसत्या पाण्यानं पुन्हा धुतली, डाग तसेच. हवेचे बुडबुडे म्हणावेत, तर फिल्म सारखी हलवली होती. गावातल्या कापसाच्या जिनिंगमधली उडती रुई म्हणावी, तर उन्हाळ्यात जिन बंद. डोकं फिरायची वेळ आली. शेवटी परातीत दिवसाउजेडी नुसतं फिल्म धुण्याचं औषध कालवून पाहिलं, तर पाण्यात फाटलेल्या दुधासारखे पांढरे कण धरले. अंधारात हेच फिल्मला चिकटले होते. जिथं चिकटले, तिथं चित्र उमटलंच नव्हतं.

वहिनी चुलीपाशी होती. मी परातीत डोळे घालून बसलेला पाहून तिनं आपणहून सांगितलं, विहिरीचं पाणी गढूळ येतं म्हणून तुरटी फिरवून ठेवलंय. त्या दिवशी तर त्यांचा फोटो धुवायचा होता, म्हणून दोनदा फिरवली होती.

औषधात फाटली होती ती तुरटीच, कप्पाळ! उन्हाळ्यात आमच्याकडं तुरटी फिरवत नाही असं घर नाही. बरं केलं, म्हणालो.

फिल्मवरचे असे डाग शिसपेन्सिलीच्या टोकानं बुजवता येतात. सदऱ्यावरचे बुजवले, झाडावरचे बुजवले. तोंडावर आलो आणि हात थांबला. यातला देवीचा वण कोणता आणि डाग कोणता? ज्याच्या खांद्यावर बसून बाजार पाहिला, त्याचं तोंड मला सांगता येईना. स्वतःची चीड आली.

वहिनीला बोलावलं. धुताना पाण्याचे डाग पडलेत, त्यातून वण तेवढे ओळखायचे आहेत, म्हणालो. छापलेला फोटो आणि भिंग तिच्यापुढं ठेवलं. ती झाडूची काडी घेऊन एकेक दाखवू लागली.

"हा त्याह्यचा. हा बी त्याह्यचा. हा नाही, हा तुमच्या पान्याचा."

पाण्याचा म्हणाली की मी खाली मान घालून फिल्मवरचा तेवढा ठिपका बुजवायचो. गाल झाले, हनुवटी झाली. तिचा आवाज हळूहळू मोकळा होत होता. एका वणाशी तर ती हसली, हा दाढी करताना त्यांना फार छळायचा म्हणाली. डाव्या भुवईजवळ मात्र काडी थांबली. भिंग जवळ नेलं, लांब नेलं. डोळे मिटून बसली.

"भाऊजी, हा आठवून नाही राह्यला."

मला आठवतो का, तिनं विचारलं. मला कुठला आठवायला? आणि ज्याला विचारायचं, तोच नव्हता. वहिनीनं तोंडाला पदर लावला. एवढी वर्षं संसार केला आणि एवढंसं ध्यानात राहू नये, असं म्हणून रडली. मी समोर पेन्सिल धरून बसलो होतो.

डाग बुजवूनच टाकतो म्हणालो, तर तिनं माझं मनगट धरलं.

"नका बुजवू. त्याह्यचा असला तर?"

मी पेन्सिल खाली ठेवली.