ताकदीचा काढा

माझ्या छातीत एक फुफ्फुस दुसऱ्याचं आहे. माझी दोन्ही आवळून घट्ट झाली होती, म्हणून हैदराबादला एक बदललं. गावी, किन्हीराजाला परतल्यावर मी घरापासून विहिरीपर्यंत चालत गेलो, तर एवढ्यावरच आईनं गल्लीभर पेढे वाटले.

निघताना डॉक्टरांनी समजावलं होतं. शरीरातल्या पहारेकरी पेशी एकमेकींना निरोप धाडतात. ते निरोप नेणारे रेणू म्हणजे सायटोकाइन. 'परका शिरलाय' असा निरोप फिरला की पहारेकरी नव्या फुफ्फुसावर तुटून पडतात. ते निरोप दाबायला रोज गोळ्या. थोडक्यात, मी जगायचं तर माझी प्रतिकारशक्ती दुबळी हवी.

आईला हे पटेना. "बिमार मानसाले कमजोर ठेवाचं? हा कोनता इलाज?" आमच्याकडे तापातून उठलेल्याला गुळवेलीचा काढा ठरलेला. अंगणातल्या कडुनिंबावर वेल होतीच. बाहेरचं औषध घ्यायचं नाही, हे मला पाठ होतं. पण दारच्या झाडाचा पाला आम्ही औषधात धरतच नाही. ती रोज काढा द्यायची, मी प्यायचो.

काही दिवसांत धाप लागू लागली. हैदराबाद गाठलं. डॉक्टरांनी विचारलं, "बाहेरचं काही घेता?" मी नाही म्हणालो. आई मोठ्या अभिमानानं बोलली, "काहीच नाही, साहेब. फक्त गुळवेल पाजून राह्यली मी, ताकदीसाठी."

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, पहारेकरी फुफ्फुसावर तुटून पडलेत. एकट्या काढ्यानंच झालं असं म्हणता येणार नाही, म्हणाले, पण गुळवेल पहारेकऱ्यांना चेतवू शकते. शिरेतून औषधं दिली, हल्ला थांबला. गेलेला श्वास मात्र परत आला नाही. आता माझं चालणं अंगणातच संपतं.

मला आईचा भयंकर राग आला होता. पण परतीच्या वाटेवर ती पाणीसुद्धा प्यायली नाही, आणि माझा राग टिकला नाही. घरी पोचताच तिनं विळ्यानं वेल तोडली. बुडातून तोडली तरी झाडावर उरलेली गुळवेल वरूनच मुळ्या सोडते. त्या लोंबू लागल्या की आई ओढून काढते.

सकाळची गोळी आता तीच आणते, पाण्याच्या गडव्यासकट.

"घे बापा," ती म्हणते, "कमजोरीची गोयी घे."

आणि गोळी घशाखाली उतरेपर्यंत समोरून हलत नाही.